तोत्तोचानच्या चित्रांचं घर

मराठी घरांत जिथे मुलांसाठी आवडीने पुस्तकं घेतली जातात, तिथे ‘तोत्तोचान’ हमखास सापडतं. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेलं आणि नॅशनल बुक ट्रस्टने काढलेलं हे पुस्तक शिक्षक एकमेकांना वाचायला देतात, आयाबाया वाढदिवसाला भेट देतात. मुख्याध्यापक कोबायाशींच्या तोमोए शाळेबद्दल, रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या वर्गांबद्दल आपल्याकडे भरभरून बोललं जातं. त्यातल्या चित्रांबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. पातळ जलरंगांत उमटलेली, डोळ्यांच्या जागी जेमतेम दोन ठिपके असलेली ती मुलं चिहिरो इवासाकी यांची आहेत. आणि ती तोत्तोचानसाठी काढलेलीच नव्हती. पुस्तक आलं १९८१ साली, चिहिरो गेल्या १९७४ साली. तेत्सुको कुरोयानागी आपल्या शाळेच्या आठवणी एका मासिकात लिहीत होत्या, तेव्हा त्या दर महिन्याला चिहिरोंच्या संग्रहालयात जायच्या आणि चिहिरोंचा मुलगा ताकेशी यांच्या मदतीने शिल्लक चित्रांमधून त्या त्या प्रसंगाला शोभेल असं मूल शोधून काढायच्या. लेखिकेच्या बालपणाला चित्रकर्तीने कधी पाहिलं नाही, तरी वाचताना वाटतं की या दोघी एकाच बाकावर बसून काम करत असाव्यात.

ते संग्रहालय बघायला मी सप्टेंबरात टोकियोला गेले. सेइबु-शिंजुकू हे स्टेशन शिंजुकूच्या अवाढव्य जेआर स्टेशनापासून वेगळं आहे. मधे थोडं चालावं लागतं, नवख्या माणसाने हे आधीच ध्यानात घ्यावं. तिथून धीमी लोकलच पकडायची, कारण जलद गाड्या संग्रहालयाजवळच्या कामी-इगुसाला थांबत नाहीत. स्टेशनाबाहेर गुंडाम या कार्टूनमधल्या यंत्रमानवाचा पुतळा उभा आहे. ती मालिका ज्या स्टुडिओत घडली, तो याच भागातला. तिथून सात-आठ मिनिटांचा रस्ता गल्ल्यांतून जातो. दोन माणसं छत्र्या उघडून शेजारून जेमतेम जातील अशा त्या गल्ल्या. दारासमोर ओळीने मांडलेल्या कुंड्या, भिंतीला टेकवलेल्या सायकली, वाळत घातलेले आणि पाऊस आला म्हणून अर्धवट आत ओढलेले कपडे. नेरिमा वॉर्डातली शिमो-शाकुजीई ही साधी राहती वस्ती आहे. संग्रहालय या घरांच्या रांगेतच लागतं, कारण मुळात ते एक घरच होतं.

चिहिरो आणि त्यांचे पती झेन्मेइ मात्सुमोतो यांनी १९५२ साली या जागेवर घर बांधलं. पुढची बावीस वर्षं, म्हणजे अखेरपर्यंत, चिहिरो इथेच राहिल्या आणि इथेच रंगवत राहिल्या. त्या गेल्यावर तीन वर्षांनी, १९७७च्या सप्टेंबरात, कुटुंबीयांनी या जागी छोटं संग्रहालय उघडलं. चित्रपुस्तकांतल्या चित्रांना वाहिलेलं जगातलं हे पहिलं संग्रहालय मानतात. मुलांच्या पुस्तकातली चित्रं भिंतीवर लावून बघायच्या लायकीची असतात, ही कल्पनाच तोवर कुणाच्या फारशी गळी उतरलेली नव्हती. खादाड सुरवंटाच्या पुस्तकाने जगभर पोचलेले एरिक कार्ल यांनीही जपानमधली अशी संग्रहालयं पाहिली आणि मग २००२ साली अमेरिकेत अ‍ॅमहर्स्टला स्वतःचं संग्रहालय उभं केलं. त्याच वर्षी टोकियोच्या या जागेवर नाइतो हिरोशी या वास्तुविशारदांनी बांधलेली आत्ताची इमारत सुरू झाली. ती बसकी आहे, आजूबाजूच्या घरांच्या वर डोकं काढत नाही. दालनांच्या मधे अंगण आहे, आणि चिहिरोंना आवडणाऱ्या फुलझाडांची बाग आहे.

आत शिरल्यावर काहीतरी वेगळं आहे हे जाणवतं, पण काय ते लगेच कळत नाही. थोड्या वेळाने लक्षात येतं, चित्रं नेहमीच्या संग्रहालयांपेक्षा खाली टांगलेली आहेत. मोठ्या माणसाला मान किंचित झुकवावी लागते आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला टाचा फार उंच कराव्या लागत नाहीत. शाळकरी मुलांना, अगदी बारावीपर्यंत, तिकीटच नाही. मी गेले त्या दिवशी एक आजी आपल्या नातवाला घेऊन आल्या होत्या. तो प्रत्येक चित्रासमोर उभा राहून एकच प्रश्न विचारत होता आणि आजी दर वेळी वेगळं उत्तर देत होत्या. भाषा मला कळत नव्हती, पण तो बोटाने चित्रातल्या मुलाकडे दाखवत होता त्यावरून विचारणा बहुधा ‘हा काय करतोय’ अशीच असावी. दालनात कुणी त्यांना गप्प केलं नाही.

दिवे मंद होते. जलरंग उजेडाने फिके पडतात, त्यामुळे कुठलंही चित्र फार दिवस भिंतीवर ठेवत नाहीत. वर्षातून तीन-चार वेळा अख्खं प्रदर्शन बदलतं. संग्रहात चिहिरोंची साडेनऊ हजारांच्या आसपास चित्रं आणि रेखाटनं आहेत, त्यातली थोडीच एका वेळी बाहेर येतात. म्हणजे एखादं ठरावीक चित्र डोळ्यांसमोर ठेवून गेलात, तर ते भेटेलच याची खात्री नाही.

मला मात्र पडद्याआड लपलेली मुलगी भेटली. १९६८ साली शिको-शा या प्रकाशनसंस्थेचे संपादक ताकेइची यासोओ यांच्या साथीने चिहिरोंनी एक चित्रपुस्तक केलं. आई बाहेर गेलीय, पाऊस पडतोय, मुलगी घरात एकटी आहे, इतकीच त्याची गोष्ट. फोन वाजतो आणि ती घाबरून पडद्यात शिरते. छापील पानावर हे चित्र मी आधी पाहिलं होतं. मूळ चित्राजवळ नाक नेलं तेव्हा दिसलं की पडदा असा काढलेलाच नाही. कागद आधी पाण्याने भिजवलाय, त्यावर रंग सोडलाय, आणि तो आपल्या मर्जीने पसरत गेलाय. दोन रंग जिथे भेटले तिथे एक तिसराच, नाव नसलेला रंग तयार झालाय आणि त्याच्या कडेला पाणी सुकताना राहिलेली दातेरी रेघ आहे. मुलीचा चेहरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद. त्यावर डोळे टेकवलेत, बस्स. तिच्या अंगावर पडदा आहे की पाऊस, हे सांगता येत नाही, आणि घाबरलेल्या मुलाला घराच्या आतलं नि बाहेरचं कुठे वेगळं दिसतं? या पुस्तकात मजकूर फार थोडा आहे. गोष्ट चित्राने सांगायची, शब्दांनी फक्त बोट धरायचं, हे ठरवून केलेलं होतं. त्या काळी जपानमध्ये मजकूर आधी आणि चित्र मागाहून, हीच रीत होती. ताकेइची यांच्याबरोबर चिहिरोंनी अशी एकामागून एक पुस्तकं केली. त्यातल्या १९७२च्या, पाखराची वाट बघणाऱ्या मुलीच्या पुस्तकाला पुढच्या वर्षी बोलोन्याच्या बालपुस्तक जत्रेत चित्रांसाठीचं पारितोषिक मिळालं.

ओल्या कागदावर रंग सोडून देण्याची ही पद्धत जपानी चित्रकलेत शेकडो वर्षांची आहे. चिहिरोंकडे ती सुलेखनाच्या वाटेनेही आली असणार. चौदाव्या वर्षी त्या ओकादा साबुरोसुके यांच्याकडे रेखाटन आणि तैलरंग शिकायला जाऊ लागल्या होत्या. कलाशाळेत जायची इच्छा होती, ती आईवडिलांनी मोडून काढली. मग त्या सुलेखन शिकल्या आणि त्यात इतक्या तयार झाल्या की दुसऱ्यांना शिकवू लागल्या. त्या डावखुऱ्या होत्या. चित्र डाव्या हाताने काढायच्या, अक्षर उजव्या हाताने. सुलेखनात कुंचला एकदा टेकला की खाडाखोड नाही, आणि शाई जितकी मोलाची तितकीच तिच्या भोवतीची कोरी जागा. चिहिरोंची चित्रं बघताना हे पदोपदी आठवतं. पोराच्या पायांखाली जमीन नसते, मागे भिंत नसते. तरी ते हवेत तरंगतंय असं वाटत नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की गोड मुलांची, फुलांची चित्रं काढणारी ही एक सुखवस्तू बाई. प्रदर्शनात त्यांच्या आयुष्याचा पट मांडला आहे, तिथे निवांत थांबावं. जन्म १५ डिसेंबर १९१८चा, फुकुइ प्रांतातल्या ताकेफू गावचा. वडील लष्कराच्या बांधकाम खात्यात, आई शिक्षिका. तीन बहिणींत ही थोरली. विसाव्या वर्षी, मनाविरुद्ध, लग्न लागलं आणि नवऱ्याबरोबर त्या जपानच्या ताब्यातल्या दालिआनला गेल्या. या लग्नात त्यांचा जीव कधी रमला नाही. १९४१ साली पतीने आत्महत्या केली आणि चिहिरो जपानला परतल्या. आई तेव्हा तरुण मुलींना मांचुरियात वसाहत करायला, तिथल्या जपानी शेतकऱ्यांच्या बायका व्हायला पाठवण्याच्या सरकारी मोहिमेत काम करत होती. १९४४ साली चिहिरो स्वतः अशाच एका तुकडीबरोबर सुलेखन शिकवायला मांचुरियाला गेल्या. तिथली हलाखी त्यांनी पाहिली. ओळखीतून सोय झाली म्हणून त्याच वर्षी माघारी येता आलं. बाकीच्या मुली मागे राहिल्या. २५ मे १९४५च्या हवाई हल्ल्यात टोकियोतलं त्यांचं घर जळालं आणि कुटुंब आईच्या माहेरी, नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोला गेलं.

युद्ध संपलं तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. आपण ज्या घरात सुखाने वाढलो, ते घर या युद्धाच्या बाजूने उभं होतं, हे त्यांना तेव्हा कळलं. मात्सुमोतोलाच त्या कम्युनिस्ट पक्षात गेल्या आणि १९४६च्या वसंतात चित्रकार व्हायचंच म्हणून एकट्या टोकियोला आल्या. एका वर्तमानपत्रात बातम्याही लिहायच्या आणि चित्रंही काढायची, असं काम मिळालं. हिरोशिमाची प्रचंड चित्रं पुढे ज्यांनी पतीबरोबर रंगवली, त्या मारुकी तोशी यांच्याकडे शिकणं सुरू झालं. अँडरसनने लिहिलेल्या एका आईच्या गोष्टीवर केलेल्या कामिशिबाईला, म्हणजे चित्रांचे पुठ्ठे एकामागून एक सरकवत सांगायच्या गोष्टीला, १९५० साली शिक्षणमंत्र्यांचं पारितोषिक मिळालं आणि मग त्यांनी चित्रांवरच पोट भरायचं ठरवलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत झेन्मेइंशी लग्न झालं. लग्न म्हणजे टोकियोतल्या कान्दा भागातली पोटमाळ्याची भाड्याची खोली, हातातल्या पैशांतून आणलेली पुष्कळ फुलं, आणि दोघंच.

झेन्मेइ वकिलीची परीक्षा देत होते आणि घर चिहिरोंच्या कुंचल्यावर चालायचं. १९५१ साली ताकेशीचा जन्म झाला. बाळाला ठेवायला जागा नाही, कामाला वेळ नाही. शेवटी तान्ह्या पोराला त्यांनी आईवडिलांकडे सोडलं. युद्धानंतर सार्वजनिक कामातून बाजूला काढलेले आईवडील तेव्हा नागानोमधल्या मात्सुकावा गावात माळरान फोडून शेती करत होते. जमेल तसे पैसे साठवून चिहिरो गाडीने मुलाला भेटायला जायच्या आणि तिथे त्याची रेखाटनं करायच्या. झोपलेलं बाळ, बसायला शिकणारं बाळ, मूठ तोंडात घातलेलं बाळ. यातली काही रेखाटनं पेन्सिलीची आहेत, अगदी साधी. त्यांच्याबद्दल नेहमी सांगतात की दहा महिन्यांचं मूल आणि वर्षाचं मूल यांतला फरक त्या समोर मूल नसतानाही काढून दाखवायच्या. ती रेखाटनं पाहिल्यावर ही नजर कुठून आली हे विचारायची गरज राहत नाही. जे मूल आठवड्यांनी भेटतं, त्याच्या मानेत आलेला ताठपणा आईला लगेच दिसतो.

साडेनऊ हजार चित्रं आज एका ठिकाणी आहेत, यालाही कारण चिहिरोच. त्या काळी प्रकाशकांच्या लेखी पुस्तकातलं चित्र म्हणजे एकदा पैसे मोजून घेतलेला माल. छपाई झाली की मूळ चित्र कपाटात पडायचं, हरवायचं, कुणाला तरी देऊन टाकलं जायचं. पुन्हा छापलं तरी चित्रकाराला काही मिळायचं नाही. चिहिरोंनी मूळ चित्रं परत मागायला सुरुवात केली आणि आपला हक्क धरून ठेवला. यात कामं हातची गेली तरी त्या मागे हटल्या नाहीत. लहान मुलांसाठी चित्र काढणाऱ्याचं काम दुय्यम आहे, हे त्यांना मान्य नव्हतं. इथे मला आपली आठवण आल्यावाचून राहिली नाही. ‘किशोर’ १९७१पासून निघतोय, त्याच्या आधीपासून आपल्याकडे मुलांची मासिकं आणि पुस्तकं आहेत. कितीतरी उत्तम मराठी चित्रकारांनी त्यांत जीव ओतून काम केलं. त्यांची मूळ चित्रं एखाद्या दालनात, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेली मला बघायची आहेत. टोकियोचं संग्रहालय सरकारने दिलेल्या भव्य इमारतीतून नव्हे, एका घरातून सुरू झालं, म्हणून ही इच्छा मला अवास्तव वाटत नाही.

युद्धावरची चित्रं वेगळ्या भिंतीवर होती. चिहिरोंनी अशी तीन पुस्तकं केली. पहिलं १९६७ सालचं, हिरोशिमातल्या मुलांनी स्वतः लिहिलेल्या आठवणींवरचं. त्यासाठी त्या हिरोशिमाला गेल्या, पण आपल्या अंथरुणाखालच्या मातीत मुलांची हाडं असतील या विचाराने त्यांना रात्रभर झोप आली नाही आणि अणुबॉम्बच्या खुणा जपलेलं संग्रहालय न बघताच त्या परतल्या. दुसरं १९७२चं, व्हिएतनामी कथेवरचं. तिसरं १९७३चं, ‘युद्धाच्या आगीतली मुलं’, हे पूर्णपणे त्यांचं. व्हिएतनाममध्ये बॉम्ब पडत होते, चिहिरोंची स्वतःची तब्येत ढासळली होती, तरी त्यांनी ते पुरं केलं. त्यातलं एक चित्र मी बराच वेळ पाहिलं. आगीत सापडलेली आई आणि तिच्या कवेत बाळ. ज्वाळा लाल नाहीत. राखाडी, काजळी रंगाच्या फटकाऱ्यांतून त्या कळतात. बाळाचे डोळे गोल, निरागस, नेहमीच्या चिहिरो-बाळासारखेच. आईचे मात्र तसे नाहीत. चिहिरोंच्या चित्रांत एरवी डोळे म्हणजे मऊ ठिपके असतात, इथे ते धारदार आहेत आणि चित्राच्या बाहेर, बघणाऱ्याच्या पलीकडे कुणावर तरी रोखलेले आहेत. रक्त नाही, जखम नाही, मेलेलं मूल नाही. बॉम्ब पडल्यावर काय होतं ते त्यांनी कुठेच काढलेलं नाही. पण त्यांची पडद्याआडची, पाखराची, बागेतली मुलं बघून आपण इथे येतो, आणि कुणावर काय पडणार आहे ते आपल्याला माहीत असतं. या पुस्तकाला १९७४ साली लाइपझिगच्या आंतरराष्ट्रीय पुस्तक प्रदर्शनात कांस्यपदक मिळालं. त्याच वर्षी ८ ऑगस्टला, पंचावन्नाव्या वर्षी, यकृताच्या कर्करोगाने चिहिरो गेल्या. ओगावा मिमेइ यांच्या लाल मेणबत्त्या आणि जलपरीच्या गोष्टीवरचं काम अपुरं राहिलं. ते तसंच पुढच्या वर्षी पुस्तकरूपात आलं.

चिहिरोंचं दुसरंही एक संग्रहालय आहे, त्यासाठी डोंगरांत जावं लागतं. शिंजुकूहून अझुसा एक्स्प्रेस अडीच-पावणेतीन तासांत मात्सुमोतोला पोचवते. तिथून ओइतो लाइनची छोटी गाडी पाऊण तासाने शिनानो-मात्सुकावाला सोडते. सप्टेंबरात दोन्ही बाजूंना पिवळी पडू लागलेली भातं असतात आणि डाव्या खिडकीतून उत्तर आल्प्स सोबत करतात. स्टेशनपासून अर्धा तास चाललं की अझुमिनोचं संग्रहालय येतं. सायकलही भाड्याने मिळते. हे गाव घंटेसारख्या आवाजाच्या सुझुमुशी किड्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि त्या दिवसांत त्यांचं संगीत संध्याकाळी सगळीकडून ऐकू येतं.

आईवडिलांची शेती होती त्याच गावात, टोकियोच्या संग्रहालयाला वीस वर्षं झाली तेव्हा, १९९७ साली हे दुसरं उघडलं. वास्तुविशारद तेच, नाइतो. उतरत्या छपरांची ओळ मागच्या डोंगरांशी सूर जुळवते आणि आत डोकं वर केलं की लाकडाचे वासे दिसतात. बसायला नाकामुरा योशिफुमी यांनी घडवलेल्या खुर्च्या आहेत, त्यांत लहानग्यांच्या मापाच्याही. इथे चिहिरोंबरोबर जगभरच्या चित्रपुस्तक-चित्रकारांची मूळ चित्रं आणि चित्रपुस्तकांचा इतिहासही आहे. त्या इतिहासाच्या दालनातून मी थोडी भरभर गेले, कारण बाहेर बागेत रेल्वेचे डबे दिसत होते.

२०१६ साली या बागेत तोमोए शाळेची आठवण म्हणून रेल्वेचे दोन जुने डबे आणून ठेवले. एकात वर्ग मांडलाय: लाकडी बाकं, फळा, वर सामान ठेवायच्या जाळ्या. दुसऱ्यात पुस्तकालय. मूळ शाळा टोकियोत जियुगाओकाला होती आणि १९४५च्या बॉम्बवर्षावात जळून गेली. कुरोयानागी आज या दोन्ही संग्रहालयांच्या संचालक आहेत. डब्यात मुलं चढत होती, बाकांवर बसून बघत होती, खिडकीतून आईबापांना हाका मारत होती. पुस्तकालयाच्या डब्यात एक बाप मांडीवर मुलगी घेऊन वाचत होता. मी वर्गाच्या डब्यात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. खिडकीतून डोंगर दिसत होते, आणि तोत्तोचान मराठीत वाचणाऱ्या कितीतरी मुलांना इथे आणावं असं फार वाटलं.

ज्यांना दोन्ही ठिकाणी जमणार असेल त्यांनी आधी टोकियो बघावं, मग अझुमिनो. टोकियोत चिहिरोंचा स्टुडिओ त्यांच्या हयातीत होता तसा पुन्हा मांडून ठेवलाय: टेबल, कुंचले, पुस्तकं. माणूस कुठे बसून काम करायचा ते पाहिलं की मात्सुकावाच्या मोकळ्या माळाचा अर्थ वेगळा लागतो. टोकियोचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. अझुमिनोचं डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्ण बंद, कारण तिकडे बर्फ पडतं. शक्यतो सोबत एखादं मूल न्यावं. त्याला तिकीट लागणार नाही, आणि चित्रं त्याच्याच उंचीवर लावलेली आहेत.